दोन तासांचं चित्र

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला बाईंनी मायक्रोस्कोपाला डोळा लावला. पेशी जिवंत होत्या.

नुसत्या जिवंत नव्हत्या, मजेत होत्या. ऐसपैस पसरलेल्या, काठ गुळगुळीत, आणि एक तर मधोमध आवळून दोन व्हायच्या बेतात. जिला मारायला औषध पाठवलं, ती त्या मारेकऱ्याला घरात घेऊन वर बाळंत होत होती. मारेकरी दिसतही होता. पेशीच्या आत, केंद्रकाच्या भोवती, केशरी उजेडाचे धागेच धागे. म्हणजे पत्त्यावर बरोबर पोचला होता. पोचून तिथं काय दिवे लावत होता ते मात्र कळत नव्हतं.

बाईंनी चष्मा बाहीला पुसला, पुन्हा पाहिलं. तेच.

बाई या प्रयोगशाळेत अठरा वर्षं पेशी सांभाळत होत्या. कुणाच्या तरी कॅन्सरच्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं जुनं गुलाबी पाणी काढून नवं घालायचं. दाटी झाली की वेगळ्या काढून द्यायच्या. संशोधक येत, पदव्या घेऊन जात. बाई आणि पेशी होत्या तिथंच. त्या शुक्रवारच्या पेशी सगळ्यांत हट्टी जातीच्या. नेहमीच्या औषधाला भीक न घालणाऱ्या.

नेहमीचं औषध पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथला धागा कापतं. साधी पेशी मरते. हट्टी पेशीने मात्र केंद्रकात दुरुस्तीवाले बसवून ठेवलेले असतात. इकडे कापलं की तिकडे टाका. यावर इथल्या मोठ्या सरांनी तोड काढली होती: औषध केंद्रकात पाठवायचंच नाही. त्याला इरिडियम या धातूची एक जोडणी बांधायची. पूर्वी पेनाच्या निबेच्या टोकाला असायचा, तो हा धातू. अशी जोडणी पेशीत शिरली की केंद्रकाकडे ढुंकून पाहत नाही, सरळ मायटोकॉन्ड्रियात जाते, म्हणजे पेशीच्या वीजघरात. तिथंही एक छोटा धागा असतो आणि तिथं दुरुस्तीवाले जवळपास नसतात. धातू औषधाला ओढत तिथं नेणार, औषध धागा कापणार, वीज बंद, पेशी खलास. वर आणखी सोय अशी की हा धातू मायक्रोस्कोपाखाली चमकतो. औषध स्वतः चमकत नाही, पण धातू कुठं गेला ते डोळ्यांनी दिसतं.

कल्पना खोटी नव्हती. कल्पना सुरेखच होती. घोळ होता तो गुरुवारचा.

मायक्रोस्कोप एकच, वापरणारे पाच विभाग. सरांच्या वाट्याला गुरुवारचे दहा ते बारा. म्हणून सकाळी आठला बाई पेशींवर औषध घालत, दहाला चित्र काढत, बाराला पुढचे लोक दारात उभे की डिश ब्लीचमध्ये. दीड वर्ष हेच. दोन तासांपुढे त्या चित्रातल्या पेशींचं काय होतं ते पाहायला कुणी थांबलंच नव्हतं. या गुरुवारी मायक्रोस्कोपाचा दिवा गेला, वेळ शुक्रवारवर गेली. औषध घालून ठेवलेल्या डिश फेकायच्या बाईंच्या जिवावर आलं म्हणून राहिल्या. एवढ्यावर सगळं बाहेर पडलं.

“मावशी, मात्रा कमी आहे ना चित्रांसाठी, मग जगणारच,” शेजारी बसलेली चष्मेवाली म्हणाली. हे संयुग तिने स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, तिची पदवी त्याच्यावर टांगलेली होती. ती म्हणाली तशी, पण स्क्रीनकडे बघायचं टाळत म्हणाली.

“मरू नये, हे मान्य. पण निदान आजारी तरी पडावं? ही दोन होतेय, बघ.”

चष्मेवालीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “गुरुवारीच दिवा लागला असता तर बरं झालं असतं.”

बाईंनी डिशमधलं पाणी छोट्या नळीत काढून घेतलं आणि खालच्या मजल्यावर वजनवाल्याकडे गेल्या. हा गृहस्थ एका मोठ्या यंत्रावर रेणूंची वजनं करायचा, त्यामुळे दिवसभर एकटा, आणि माणूस दिसला की जीभ सुटायची.

“या बाई! आज सरांचा राजकुमार आणलात वाटतं तोलायला?”

“जोडी आहे का शाबूत, एवढं बघा.”

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने बोलावलं. कागदावर दोन उंच सुळके होते, एकमेकांपासून लांब. जिथं जोडीचा तिसरा असायला हवा तिथं सपाट.

“काडीमोड झालाय,” तो म्हणाला. “हा धातू एकटा, हे औषध एकटं. एकत्र नांदणारं जोडपं औषधालासुद्धा सापडलं नाही.” आपल्याच विनोदावर तो हसला आणि बाईंचं तोंड पाहून थांबला. “काय झालं? कुणाचं काही आहे का यात?”

“भावाचं,” बाई म्हणाल्या.

बाईंचा धाकटा भाऊ म्हणजे बारक्या. वय सेहेचाळीस, एकेकाळी चांगलं पोट सुटलेला, तरी बारक्याच. सामान पोचवायचा टेम्पो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी पोटात गाठ निघाली. औषधाने विरघळली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि पुन्हा त्याच जागी आली. आता जुन्या औषधाला दाद देत नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुसरा उपचार आहे, लगेच सुरू करू. हातापायांच्या बोटांना मुंग्या येतील, कदाचित कायमच्या. गाडी चालवता येईल याची खात्री नाही.

बारक्याला तेवढं निमित्त पुरलं. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत या नव्या औषधाची बातमी घ्यायला बातमीदार आले होते. कॅमेरे, फुलदाण्या, सर नव्या कोटात. बाईंनी हौसेने भावाला बोलावलं होतं. आपण काय करतो ते एकदा घरच्यांनी पाहावं, एवढीच हौस. घरी आधीच फुशारकी मारून झाली होती, ‘तुझ्यासारख्या गाठीच्या पेशी आमच्याकडे पटापट मरतात.’ व्हरांड्यात सरांनी बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दोन-तीन महिने कळ काढा. माणसांवर चाचणी सुरू झाली की पहिलं नाव तुमचं. फक्त मधे दुसरं काही औषध घेऊ नका, नाहीतर नाव घालता येत नाही.”

बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. डिशमधल्या पेशी आणि माणूस यांच्यामध्ये किती वर्षं पडलेली असतात, त्यांना पक्कं ठाऊक होतं. अजून उंदरालासुद्धा हे औषध टोचलेलं नव्हतं. ‘सर, असं कसं?’ एवढे तीन शब्द. पण समोर कॅमेरा होता, सर हसत होते, भाऊ कधी नव्हे तो बहिणीकडे अभिमानाने बघत होता. बाईंनी मूग गिळले.

त्याला सात आठवडे झाले. सात आठवडे बारक्या उपचार टाळत होता आणि वर्तमानपत्रातलं कात्रण फ्रिजला चिकटवून बसला होता. परवा डॉक्टरीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं: सोमवारी सकाळी उपचाराची खुर्ची राखून ठेवते, आलात तर आलात, यापुढे शरीराला हा उपचार झेपणार नाही. बारक्या म्हणाला, बघू. सोमवारच्या आत त्याचं मन वळवायचं होतं, आणि आजवर बाईंच्या हातात सांगण्यासारखं ठोस काही नव्हतं. आता होतं.

शनिवारी सकाळी त्या सरांच्या खोलीत गेल्या. कागद आणि चित्रं टेबलावर ठेवली.

सरांनी सगळं नीट पाहिलं. माणूस मूर्ख नव्हता, ही तर खरी अडचण. दोन मिनिटांत त्यांना सगळं समजलं, ते बाईंना समजलं.

“दोन तासांची चित्रं खोटी आहेत का बाई?”

“नाहीत.”

“मग? शोधनिबंधात आपण दोन तास असंच लिहिलंय.”

“वर मथळ्यात लिहिलंय, औषध वळवलं. सर, वळला तो धातू. औषध वाटेतच सुटून आपल्या जुन्या रस्त्याने गेलं. तिथं दुरुस्तीवाले बसलेलेच आहेत.”

“आणि मोठ्या मात्रेच्या तीन दिवसांच्या मोजणीत पेशी मेल्या त्या? तुम्हीच मोजल्यात.”

“त्या मात्रेला नुसता धातूही मारतो. मी एक रकाना नुसत्या धातूचा ठेवला होता. तुम्ही म्हणालात, काढा तो, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.”

“आणि तुम्ही काढलात,” सर शांतपणे म्हणाले.

बाईंनी काढला होताच. सरांना जास्त कळतं, असं स्वतःला बजावून काढला होता. अठरा वर्षं पगार घेऊन माणूस दुसऱ्याला जास्त कळतं हेच शिकतो.

“हे बघा,” सरांचा आवाज मऊ झाला, “जोड तुटतो, तर पुढच्या वेळी घट्ट बांधू. विज्ञान असंच पुढं जातं. तो पुढच्या निबंधाचा विषय. हा छापून येऊ दे.”

“माझ्या भावाला तुम्ही थांबा म्हणालात.”

“मी? मी कुठं डॉक्टर आहे? मी धीर दिला. आजारी माणसाला काय सांगायचं मग?”

“औषध घेऊ नका असं नाही सांगायचं.”

सरांनी कागद एकत्र करून, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि आपल्या खणात ठेवले. “बाई, तुम्ही दमलायत. घरात आजारपण आहे. आठवडाभर सुट्टी घ्या.”

एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बाईंना परवडलं असतं. त्या जिन्यात आल्या तेव्हा चष्मेवाली खाली उभी होती. तिने घडी घातलेला कागद त्यांच्या पर्समध्ये सरकवला. दोन्ही चित्रं होती, शेजारी शेजारी: दोन तासांचं आणि सव्वीस तासांचं. खाली वजनवाल्याचे सुळके.

“माझं नाव घेऊ नका, मावशी,” ती म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली. सुळावर चढणाऱ्याला तिने सोबत दिली होती, पण नाव न घेता.

रविवारी दुपारी बाई भावाकडे गेल्या. दार वहिनीने उघडलं. म्हणजे भावजय, बारक्याची बायको.

“या वन्सं. बघा, तुमचं तरी ऐकतो का. सकाळपासून सांगतेय, उद्या जाऊ या. तर म्हणे, ताईच्या सरांना फोन कर.”

बारक्या खिडकीशी खुर्चीत होता. शर्ट त्याचा, पण आतला माणूस अर्धा.

“काय तायडे, आणलंस का औषध?” त्याने हसत विचारलं. “का अजून तुझ्या डिशमध्येच शिजतंय?”

“बारक्या, उद्या दवाखान्यात जायचं.”

“झालं सुरू. अगं, तूच म्हणालीस, पेशी पटापट मरतात. आता काय झालं? बोटं गेली तर स्टिअरिंग कशाने धरू, दातांनी?”

“तसलं काही येणार नाहीये. दोन महिन्यांत नाही, दोन वर्षांत नाही.”

“सर म्हणाले.”

“सर खोटं म्हणाले.”

वहिनी भांडं हातात घेऊन दारातच थबकली. बारक्याचा चेहरा लाल होत गेला. “असं का नाही म्हणत की भावाचा नंबर लावायला सरांपुढे तोंड उघडत नाही तुझं? लहानपणापासून तशीच. मार मी खायचा आणि तू कोपऱ्यात उभी.”

बाईंनी कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. बोट ठेवून सांगायला लागल्या. हे दोन तासांनी. केशरी दिसतोय तो धातू. हे सव्वीस तासांनी. केशरी तिथंच आहे. आणि पेशी ठणठणीत. ही बघ, दोन होतेय.

“म्हणजे पोचलं ना,” बारक्या म्हणाला. “जिथं जायचं तिथं पोचलं.”

“धातू पोचला. औषध बांधलं होतं ते सुटलं वाटेत. औषध दिसत नाही रे, दिसतो फक्त धातू.”

बारक्या कागदाकडे पाहत राहिला. त्याची बोटं दोन चित्रांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवरून फिरत होती. मग तो एकदम म्हणाला, “ठिपका.”

“काय?”

“कंपनीने गाडीत ठिपका बसवला होता ना. ऑफिसात स्क्रीनवर दिसायचा, गाडी कुठं आहे ते. आणि एका वळणावर माझ्या मागच्या दाराची कडी निसटली, अकरा खोकी रस्त्यात सांडली. मला पत्ता नाही. मी वेळेवर पोचलो. ऑफिसवाला फोनवर म्हणतो, शाब्बास, पाच मिनिटं आधी पोचलास! आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून माझ्या आईबापाचा उद्धार करतंय. गाडी रिकामी.”

ही गोष्ट त्यांच्या घरात दहा वर्षं हसण्यासाठी सांगितली जात होती. आज कुणी हसलं नाही.

“हो,” बाई म्हणाल्या. “तसंच.”

“म्हणजे यांनी सात आठवडे मला ठिपका दाखवला.”

त्याने कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, अगदी लहान होईपर्यंत. मग उठला, फ्रिजपाशी गेला, कात्रण ओढून काढलं. एका कोपऱ्याला चिकटपट्टी राहिली, ती नखाने खरवडत उभा राहिला. पाठ त्यांच्याकडे करूनच म्हणाला, “उद्या किती वाजता?”

“आठ,” वहिनी दारातूनच म्हणाली, आणि आत निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

सोमवारी आठला तिघं दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी आधी पोटाचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून पाहिला. मग म्हणाल्या, गाठ आता यकृतापर्यंत गेली आहे. उपचार देऊ. पण आता बरं करायला नाही, दिवस लांबवायला. “तेव्हाच आला असतात तर वेगळं बोलता आलं असतं,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बाईंना कुणाशी तरी भांडता आलं असतं.

बारक्याला खुर्चीत बसवलं, दंडात सुई गेली, वरून थेंब पडू लागले. नर्सने सांगितलं, आता गार काही प्यायचं नाही, गार वस्तूला हात लावायचा नाही, झिणझिण्या येतात. पिशवीवरचं नाव बाईंनी वाचलं. प्लॅटिनमचं औषध. म्हणजे शेवटी धातूच. पण जुना, कुणाच्या कॅमेऱ्यासाठी न चमकणारा, आपलं काम निमूट करणारा, आणि सात आठवड्यांपूर्वी याच खुर्चीशी टांगून तयार असलेला.

दुसऱ्या तासाला वहिनी चहा बघायला बाहेर गेली. बारक्या छताकडे बघत होता.

“तायडे, एक विचारू?”

“विचार.”

“सर व्हरांड्यात मला थांबा म्हणाले, तेव्हा तू तिथंच होतीस.”

“होते.”

“तेव्हा माहीत होतं तुला?”

बाईंना पळवाट दिसत होती. मोठी, रुंद, गाडी जाईल एवढी. जोड तुटतो हे तेव्हा खरंच कुणाला माहीत नव्हतं. तेवढंच सांगितलं तर ते खोटं ठरलं नसतं. दोन तासांचं चित्र खोटं नव्हतं, तसंच.

“औषध सुटतं, हे नव्हतं माहीत,” त्या म्हणाल्या. “पण दोन-तीन महिन्यांत माणसाला काही मिळणार नाही, हे माहीत होतं. अठरा वर्षं झाली मला तिथं. पक्कं माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू माझ्याकडे बघत होतास. कौतुकाने.”

थेंब पडत राहिले. बारक्याने मान भिंतीकडे वळवली.

“बाहेर जाऊन बस,” तो म्हणाला.

बाई बाहेर बाकावर बसल्या. समोर तक्ता होता, रुग्णाने काय करावे, काय करू नये. तो त्यांनी तीनदा वाचला. फोन वाजला. चष्मेवालीचा निरोप: नियतकालिकाने निबंध स्वीकारला, शेवटी आभारात तुमचंही नाव आहे. खाली आणखी एक ओळ: सोमवार आहे, पेशींना खाऊ कोण घालणार, सर विचारतायत.

बाईंनी निरोप वाचला आणि उत्तर लिहिलं. लिहिलं की येते, पण आधी एक काम आहे. ज्यांनी निबंध स्वीकारला त्यांना मी सव्वीस तासांचं चित्र पाठवते आहे, माझ्या नावाने, आणि काढलेल्या रकान्यातले आकडेही, माझ्या वहीत आहेत. सरांना सांग. नाव माझंच सांग. पाठवायचं बटण दाबलं. सात आठवड्यांपूर्वी तीन शब्द जड झाले होते. आता सगळं सांगता येत होतं, कारण आता त्याचा बारक्याला काही उपयोग नव्हता.

चहा घेऊन परत आत गेलेली वहिनी बाहेर आली. “वन्सं, त्याला पाणी हवंय. बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणतो. हात लावला की टोचतंय. माझ्याच्यानेही निघेना.”

बाई आत गेल्या. बारक्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, बाटली फक्त पुढे केली. त्यांनी झाकण पिळून काढलं, रुमालात गुंडाळून बाटली त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायलं, बाटली परत दिली, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

“जाऊ का मी?” बाईंनी विचारलं.

बारक्या भिंतीकडेच बघत राहिला. बाई झाकण हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.